साखरेच्या बेटावरचा मधला माणूस

सर, नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात आपलं बेट नाही. परवा दुपारी ती मोठ्यानं पाठ करत होती. पॅरिसमध्ये लोक रस्त्यावर आले, राजाला कैद केलं, सगळी माणसं जन्मानं स्वतंत्र आणि समान आहेत असं जाहीर झालं, धडा संपला. मी शेजारच्या खोलीत माणसांकडून सतरंज्यांच्या घड्या घालून घेत होतो. राहवलं नाही, म्हटलं, "अन् बेटाचं काय झालं?" ती म्हणाली, "कोणतं बेट, आबा?" मग तिच्याजवळ बसलो आणि तुम्ही शाळेत इतिहासाच्या तासाला सांगायचे तसंच सांगितलं. समुद्रापलीकडे त्याच फ्रान्सच्या ताब्यात उसाचं एक बेट, आज त्या भागाला हैती म्हणतात. वर मूठभर गोरे, मळ्यांचे मालक. खाली आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेले काळे गुलाम. आणि मधे तिसरेच कोणी, गोऱ्या बापाचे अन् काळ्या आईचे, कायद्यानं मोकळे. त्यांच्यातल्या कितीकांकडे स्वतःचे मळे, स्वतःचे गुलामसुद्धा, पण गोऱ्यांच्या पंगतीला बसायची सोय नाही. पॅरिसची बातमी बेटावर उतरली आणि तिघांनी ती तीन तऱ्हेनं ऐकली. गोऱ्यांनी ऐकलं, आता राजाचा जाच संपला. मधल्यांनी ऐकलं, आता आपण गोऱ्यांच्या बरोबरीचे नागरिक. गुलामांनी मात्र जे म्हटलं होतं तेवढंच ऐकलं. नात ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुमाले एवढं कसं माहीत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मी होतो ना तिथं." ती हसून लोळली. मग तिनं विचारलं, "तुमचं काम कोणतं होतं?" मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो. तेव्हापासून तुमच्याशी माझं भांडण पुन्हा सुरू झालं आहे. आपलं भांडण होतं हे तुम्हाला माहीत नसेल. मी एकट्यानंच चालवलं.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. शाळा माझी सुटली होती आणि सौंसरात मी एक भोंगा, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि गाडीची जुनी बॅटरी एवढ्यावर लाऊडस्पीकरचा धंदा मांडला होता. आज पांढुर्ण्यात बिछायत केंद्र आहे, तीन गाड्या मांडवाचं सामान वाहतात, तिगावापर्यंतची लग्नं माझ्याकडे असतात. तेव्हा भोंगा सायकलला बांधून रामाकोन्याला जायचो. बाबा तुमच्या मोठ्या भावाच्या संत्र्याच्या मळ्यावर सालदार. नातीला हा शब्दही समजावून सांगावा लागला. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत माणूस मालकाचा. पहाटे उठायचं ते मालकाच्या गोठ्यात, निजायचं ते मालकाच्या बांधावर, घरी येणं झालं तर पाहुण्यासारखं. कोणी बांधून ठेवलेलं नव्हतं. बाबांच्या डोक्यावर कोणाचा पैसाही नव्हता. पण पाडव्याच्या सकाळी तुमच्या भावाच्या घरची एक रीत होती. मालक विचारत नसत. बैलाचं दावं सालदाराच्या हातात देत, त्यानं ते धरलं की पुढचं साल ठरलं. बाबा दरवर्षी धरत. मी कमवायला लागलो तसा म्हणायचो, बाबा, आता नका धरू. बाबा म्हणायचे, "मालक दावं पुढं करते, मी काय हात मांगं घेऊ? बरं दिसते का ते?" मला त्या वर्षी एवढंच हवं होतं, येत्या पाडव्याला बाबांनी हात पुढे करू नये. बाकी कशाची मला पडलेली नव्हती, तुमच्या बेटाची तर नाहीच.

शाळेच्या गॅदरिंगसाठी तुम्ही स्वतः त्याच बेटाचं नाटक लिहिलं होतं. तालमीच्या दिवशी मी माईक बघायला आलो. पोट्टे दोन रांगांत उभे आहेत. संत्रेवाल्यांचे, कापूसवाल्यांचे पोट्टे गोऱ्यांच्या रांगेत, कारण बूट आणि फुलपँट त्यांच्याच घरी; आमच्या बौद्धपुऱ्यातले गुलामांच्या रांगेत, कारण त्यांना कपडे शोधायची गरज नाही. कोणी सांगितलं नव्हतं, आपापले जाऊन उभे राहिले होते. तुम्ही चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणालात, "उलटं करा." पोट्ट्यांना कळेना. "या रांगेतले त्या रांगेत. चाबूक इकडे द्या." मी कोपऱ्यात वायर सोलत होतो. मनात म्हटलं, सर आज काहीतरी खाऊन आले.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं हजर. तुमच्याच नात्यातले एक पाटील आले, "आमचा पोट्टा बेड्या घालून उभा राहीन? सोयऱ्यायनं पाह्यलं तं पोरगी कोन देईन त्याले?" तुम्ही म्हणालात, "अहो, तो अजून आठवीत आहे." ते म्हणाले, "लोक ध्यानात ठेवते, सर." त्यांना वाटेला लावलं तोवर आमच्या पुऱ्यातला एक म्हातारा येऊन टेकला. तुम्हाला वाटलं असावं, हा तरी खूश असेल. तो म्हणाला, "सर, आमच्या पोट्ट्यायच्या हातात चाबूक कायले देऊन राहिले? नाटक घंटाभराचं. मंग हे पोट्टे त्याच पोट्ट्यायच्या वावरात निंदाले जाईन. तवा तुमी राहान का तिथं?" मला आत कुठेतरी गार वाटलं, खरं सांगतो. उलटं केलं की सरळ होतं असं तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसालाच वाटू शकतं. शेवटी तुम्ही चिठ्ठ्या काढल्या. ज्याला जे आलं ते आलं. गुलाम निघालेला पाटलाचा पोट्टा रडला आणि मग बाकीच्यांबरोबर बेड्या वाजवत पळायला लागला. अडलं ते एकाच कामावर. मधल्या माणसाचं काम ज्याला ज्याला निघालं त्याच्या घरून निरोप आला, पोट्ट्याला ताप आहे. कारण तोवर गोष्ट गावात पसरली होती. हा मधला माणूस पॅरिसला जातो आणि भर सभेत म्हणतो, आम्हाला नागरिक करा, आमच्याकडे मळे आहेत, आम्ही शिकलेले आहोत. शेतात राबणाऱ्यांबद्दल आम्ही काही बोलत नाही. त्याला तिथे वाट पाहायला सांगतात. तो बेटावर परत येऊन हत्यार उचलतो, आणि गोरे त्याला चौकात चाकावर बांधून मारतात.

तेव्हा तुम्ही मला घरी बोलावलंत. सौंसरातलं तुमचं भाड्याचं घर, स्वयंपाकघरात पाट टाकून बसवलंत. काकूंनी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, वर तेल ओतलं. तुम्ही वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि घरी आपल्या बोलीत. माझ्याशी कोणत्या भाषेत बोलता इकडे माझं नेहमी लक्ष असायचं. त्या दिवशी तुम्ही घरच्या बोलीत म्हणालात, "तू कर ना बाबू ते काम. आवाज तुह्याच जवळ हाय." मी लगेच सावध झालो. म्हटलं, "सर, मी आता शाळेत नाही." "गॅदरिंगले जुने पोट्टे चालते." "मले शेवटी मारते ना?" "मारते. पण आंधी भाषण हाय." काकू हसल्या. मीही हसलो आणि हो म्हणालो, कारण माईकचं भाडं तुम्हीच ठरवणार होता आणि धंद्यात मला शाळा हवी होती. पण सर, जेवून हात धुतले तरी मी उगाच पाटावर बसून राहिलो होतो. मोरीत काकू भांडी घासत होत्या आणि मी ऐकत होतो. माझं ताट बाकीच्या ताटांवर वाजतं का, की आधी एकटं घासलं जातं, वरून जास्तीचं पाणी पडतं का. मला दोन वावरं लांबून, नुसत्या आवाजावरून कळतं, भोंग्याचं युनिट गेलं की वायर सैल आहे. त्या दिवशी नेमकी बाहेर कोणाची तरी मोटर सुरू झाली आणि मला काही कळलं नाही. कधीच कळलं नाही. रस्ताभर मी विचार करत होतो, एवढ्या पोट्ट्यांतून नेमका मलाच हा माणूस का दिला. मी पुऱ्यातला, पण बौद्धपुऱ्यात भोंगा असणारा एकटा. खिशात चार पैसे, अंगात टेरिकॉटचा शर्ट, पाटलांच्या लग्नात मांडवापर्यंत जायची मुभा, आणि बाप मळ्यावर. तुम्ही मला काम देत होता की मला आरसा दाखवत होता?

गॅदरिंग भर दुपारी, जानेवारीच्या उन्हात. पुढे खुर्च्या, त्यावर गावची मोठी मंडळी आणि तुमचे भाऊ. मागे जमिनीवर बाकी सगळे. नाटकासाठी चाक हवं होतं. बैलगाडीचं चाक भावाच्या मळ्यावरून येणार हे तुम्हीच ठरवलं, आणि ते घेऊन कोण आलं, तर बाबा. चाक मंचावर उभं करून ते मागे जमिनीवर जाऊन बसले. मळ्यावर दुसरे गडीही होते. निरोपात तुम्ही बाबांनाच पाठवायला सांगितलं होतं का, हे मी भावाच्या गड्यांना नंतर खोदून विचारलं. एक म्हणाला हो, एक म्हणाला नाही.

भाषणाला उभा राहिलो. माईक माझाच, कुठे शिट्टी मारतो कुठे नाही मला ठाऊक. तुम्ही लिहिलेलं एक अक्षर बदललं नाही. "आम्हाला नागरिक करा. आम्ही कर भरतो, आम्ही वाचतो, तुमच्यासारखंच खातो-लेतो. आमचा रंग अर्धा तुमचाच आहे. शेतात जे राबतात त्यांच्याबद्दल आम्ही काही बोलत नाही, त्यांचं त्यांचे मालक पाहतील." टाळ्या पडल्या. सर, त्या टाळ्या पुढून आल्या, खुर्च्यांवरून. एक जण तर म्हणाला, "बराबर बोलला." मागून एकही नाही. मग मला पकडलं. गुलाम झालेला तो पाटलाचा पोट्टा हसत हसत बघत होता, आणि गोरा झालेल्या आमच्याच गल्लीतल्या पोट्ट्यानं मला चाकावर बांधलं. मी मान टाकली. आणि आता मागून टाळ्या! शिट्ट्यासुद्धा. खुर्च्यांनी माझं भाषण उचललं, जमिनीनं माझं मरण. डोळे मिटून लटकलो होतो म्हणून नीट ऐकू येत होतं. बाबांची टाळी मला ओळखू आली असती, घट्टे पडलेल्या हातांची, जाड. ती दोन्ही वेळा नव्हती. त्यानंतर गुलामांनी ऊस पेटवला, लाल कागद हलवले, आणि पडदा.

मंचाच्या मागे मी दोरीचे वळ चोळत होतो. तुमचे भाऊ बाबांना चाक परत गाडीत घालायला सांगत होते. मला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पोट्टा समजदार हाय तुहा. कोनाबद्दल बोलाव आन् कोनाबद्दल नाही, समजते त्याले." बाबा म्हणाले, "हव जी." बस. मी घरी बाबांना म्हटलं, ते सरांचं लिहिलेलं होतं, माह्या मनातलं नव्हतं. बाबा म्हणाले, "मी काय म्हटलं तुले काही?" त्यानंतर पाडव्यापर्यंत त्यांनी त्या नाटकाचं नाव काढलं नाही. माझी खात्री झाली होती की तुम्ही डाव साधलात. भाऊ खूश, बाबा गप्प, दावं यंदाही धरलं जाणार.

पाडव्याला मी मुद्दाम गेलो. लोधीखेड्याच्या रस्त्यावरचं तुमचं वडिलोपार्जित घर, तिथे भाऊ राहायचे, अंगणात गुढी, कडुलिंबाचा वास. तुम्ही सणाला आलेले, ओसरीत आत कुठेतरी. मालकांनी बैलाला कुंकू लावलं, दावं सोडवून बाबांपुढे धरलं. बाबांचे हात खालीच. मालक म्हणाले, "काय झालं? हात दुखून राहिले का?" "नाही जी. हात बरे हाय." "मंग धर ना." "यंदा नाही." मालकांना पहिल्यांदा कळलंच नाही. "कोनाच्या मळ्यावर चालला? कोनं फोडलं तुले?" "कोनाच्याच नाही." "मंग खाशीन काय?" "पाहू जी." मग मालकांची नजर फाटकाशी माझ्यावर आली. "असं. पोट्ट्यानं पढवलं." आणि बाबा, सर, ज्या माणसानं उभ्या जन्मात मालकापुढे हव जी सोडून दुसरं वाक्य केलं नव्हतं, ते म्हणाले, "पोट्टा तं माह्याबद्दल बोललाच नाही. तुमी खुर्चीवर बसून आयकलं ना? मंग मलेच बोला लागते."

बैलानं मान हलवली, घंटा वाजली. आणि ओसरीतून तुमचा आवाज आला. तो खोकला होता की हसू होतं? मी तिथेच ठरवू शकलो नाही आणि आज कितीही वेळा मनात वाजवून पाहतो तरी ठरत नाही. बाबा माझ्यापुढून निघाले, चप्पल न घालताच. परत जाऊन घेतली नाही. वाटेत मी म्हटलं, "बाबा, हे तुमी कवापासून ठरवलं होतं?" ते म्हणाले, "तू त्या चाकावर मेला होता ना, तवा. म्हटलं, हा पोट्टा आपल्यासाठी बोलला नाही, तरी मारलाच त्याले." मग थोडं चालून, "सरांचं डोकं चांगलं हाय."

इथपर्यंत मी तुम्हाला सोडून दिलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात तुमची आणि भावाची वाटणी झाली. अर्धा मळा तुमच्याकडे आला, विहिरीकडचा, आणि तो सांभाळायला माणूस हवा. एका सकाळी तुम्ही आमच्या दारात. आमच्या पुऱ्यात आलेले, खाटेवर बसलेले, माझ्या माईनं दिलेला चहा प्यायलेले. बाबांना 'तुम्ही' म्हणालात. "सालदार म्हणून नाही, भाऊ. अर्ध्या हिश्श्यानं करा. माल निघाला की निम्मा तुमचा." माझ्या डोक्यात सगळ्या कड्या एकदम जोडल्या गेल्या. वाटणीचं तुम्हाला आधीच ठाऊक असणार. भावाच्या मळ्यावरचा सगळ्यात चांगला माणूस म्हणजे बाबा. तो सुटावा म्हणून एवढं मोठं बेट, एवढे गोरे आणि काळे, आणि मी चाकावर. मी बाबांकडे पाहत होतो. बाबा उभेच होते. म्हणाले, "सर, तुमी चांगले मानूस हा. म्हनूनच नाही येत. मोठ्या मालकाले नाही म्हन्याले मले जलम गेला. तुमाले तं म्हनताच येनार नाही." तुम्ही कप खाली ठेवला. रागावला नाहीत. पुस्तकी मराठीत म्हणालात, "बरोबर आहे तुमचं," आणि गेलात. त्या दिवशी तुम्ही भाषा का बदललीत, यावरही मी वर्षानुवर्षं डोकं शिणवलं आहे.

बाबा मग नदीकाठी थोडी वाडी करायला लागले, वांगी, मेथी. आठवडी बाजारात स्वतः बसायचे आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की फार खूश व्हायचे. गेले तेही झोपेत, स्वतःच्या खाटेवर. तुमच्या मळ्यावर नंतर दुसरंच कुटुंब हिश्श्यानं आलं आणि तुम्ही त्यांना खरोखर निम्मा माल देत होता, हे मी मंडईत दलालांकडून, त्या कुटुंबाकडून, तुमच्या शेजाऱ्यांकडून, वेगवेगळं विचारून पक्कं केलं. मला वाईटच वाटलं. लबाडी सापडली असती तर माझा हिशेब मिटला असता.

धंद्यानं मला एक शिकवलं, समोरचा का देतो आहे ते आधी बघायचं. त्यावरच मी उभा राहिलो. उत्सव मंडळाच्या गोड बोलणाऱ्या अध्यक्षाकडून आगाऊ घेतो, शिव्या देणाऱ्याला उधार देतो, आणि सहसा चुकत नाही. माझी माणसं म्हणतात, शेठ भिंतीपलीकडचं ऐकतात. पण तुमच्या बाबतीत माझ्याजवळ दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही बरोबर बसतात. एकीत तुम्ही भावाशी भांडलेले, मळ्यासाठी माणूस हेरणारे, त्यासाठी बाप-लेकाला भर मांडवात समोरासमोर उभे करणारे. दुसरीत तुम्ही बाबांना समजेल अशा एकाच भाषेत, म्हणजे मला मारून, त्यांना सांगितलं की मधल्याच्या भरवशावर राहू नका. नातीला मी नंतर दुसरी सांगितली. निजताना पहिली आठवते.

तुम्ही आता नाहीत, तरी हे पाठवायचं म्हटलं तर पाठवता येईल. तुमचा मुलगा आता तुमच्या मळ्यावरच राहतो, मला काका म्हणतो, त्याच्या लग्नाचा मांडव माझाच होता. तो वाचेल आणि माझी समजूत काढायला येईल, मला ते नको. आणि त्याला तरी काय माहीत असणार. विचारायचं होतं ते तुम्हालाच विचारायला हवं होतं, आणि सर, मी आलो होतो. तुमच्या शेवटच्या वर्षी. तुम्ही मळ्यात संत्र्याखाली खुर्ची टाकून बसला होता, अंगावर शाल, पायाशी कुत्रं. म्हणालात, "का बाबू, इकडं कसा?" मी बसलो. संत्र्याच्या आंबिया बहाराचं बोललो, फळांची गळ किती झाली, नागपूरला भाव काय निघाला. तुम्ही मधे दोनदा थांबलात, मी काही बोलेन म्हणून. मग मी उठलो.

तुम्ही खोटं बोलाल याची मला भीती नव्हती, खोटं मला ऐकू येतं. भीती वेगळी होती. तुम्ही म्हणाला असता, "हव बाबू, तुह्या बाबासाठीच केलं," आणि ते खरं निघालं असतं, तर मला तुमच्या पाया पडावं लागलं असतं. तेवढं माझ्यानं झालं नसतं.